श्राद्धाला आलेल्या दोनशे सत्तेचाळीस गाड्या

सासऱ्यांचं दुसरं वर्षश्राद्ध मंगळवारी करायचं, असं यासुनोरीने जाहीर केलं तेव्हा मित्सुयोने एवढंच विचारलं होतं, "मंगळवारी सुट्टी कुणाला असते?"

"कुणालाच नसते," नवरा म्हणाला होता. "म्हणून तर."

त्या 'म्हणून तर'चा अर्थ तिला मंगळवारी सकाळी सातला कळला. चौतीस माणसांचं चहापाणी करायचं म्हणून ती पहाटेपासून उभी होती. गोड भाताचे लाडू वळून झाले होते, देवघराच्या खोलीत बसायच्या उश्या मांडून झाल्या होत्या. फाटकाबाहेरची पानं झाडायला ती गेली, तर रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून निइनुमा मास्तर बसलेले. मांडीवर घोंगडी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, दोन्ही हातांत बटण दाबून आकडा वाढवायची छोटी यंत्रं.

"मास्तर, आत या ना. श्राद्ध दहाला आहे, पण चहा तर घ्या."

"मी श्राद्धाला नाही आलोय, सूनबाई. कामावर आहे." मास्तरांनी छातीवरचा बिल्ला दाखवला. निवृत्त झाल्यापासून ते म्हाताऱ्यांना अर्धवेळ कामं मिळवून देणाऱ्या संस्थेतून अशी कामं घ्यायचे. "गाड्या मोजायच्यात. सात ते सात. डाव्या हातात लहान, उजव्या हातात जड. चहा घेता येत नाही, तसं लिहून दिलंय."

मित्सुयोने झाडू भिंतीला टेकवला. मग तिला सगळं लख्ख दिसलं. हायवेपासून लाकडाच्या गिरणीपर्यंतचा हा अठराशे मीटरचा रस्ता गावाला नव्याने करायचा होता. डांबराचा की काँक्रीटचा, यावरून ओइकावांच्या घरात, म्हणजे तिच्या सासरी, गेलं वर्षभर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. कारण सासऱ्यांनी मरताना धंदा मधोमध तोडून ठेवला होता. थोरल्या यासुनोरीला डांबराचा प्लांट, धाकट्या त्सुतोमूला काँक्रीटचा. मधली चिझुरू, तिला काहीच नाही. पण ती गावाच्या कचेरीत रस्ते विभागाची प्रमुख होती आणि निवड तिच्या सहीने व्हायची. कचेरीचा नियम साधा होता. आठवड्यातल्या कामाच्या एका दिवशी गाड्या मोजायच्या. एका दिशेने अडीचशेपेक्षा जास्त जड वाहनं गेली, तर काँक्रीटचा विचार करायचा, दोन्हींचा तीस-चाळीस वर्षांचा खर्च मांडायचा आणि मग ठरवायचं. कमी गेली तर सरळ डांबर.

आणि आज त्सुतोमू, त्याचे सगळे ड्रायव्हर, ड्रायव्हरांचे सासरे, सगळे काळे कपडे घालून दिवसभर या घरात मांडी घालून बसणार होते.

ती तशीच आत गेली. यासुनोरी आरशासमोर काळा टाय बांधत होता.

"वडिलांचं श्राद्ध तुम्ही गाड्या कमी भराव्यात म्हणून लावलंत?"

"हळू बोल. आई उठलीय."

"लाज नाही वाटत?"

"बाबांना डांबरच आवडायचं," यासुनोरी टायच्या गाठीकडे बघत म्हणाला.

"बाबांना काय आवडायचं ते बाबांनी दोन प्लांट दोघांना देऊन दाखवलंय. आणि मला सांगितलं असतंत तर मी निदान चौतीस लाडू वळले नसते. वीस वळले असते!"

तेवढ्यात बाहेर काहीतरी मोठं घरघरत गेलं. खिडकीची काच थरथरली. दोघांनी एकदमच वाकून बघितलं. पांढरा-निळा काँक्रीट मिक्सर, मागचा ढोल सावकाश फिरतोय. ड्रायव्हर काळ्या कोटात, काळ्या टायमध्ये. त्याने घराकडे बघून अदबीने मान लववली आणि पुढे निघून गेला.

त्याच्या मागे दुसरा होता.

---

गुरुजींनी दहाला मंत्र म्हणायला सुरुवात केली तोपर्यंत यासुनोरीच्या हिशेबाने बहात्तर मिक्सर गेले होते. तो पहिल्या रांगेत, बाबांच्या फोटोसमोर बसला होता. डोळे मिटले तरी कान उघडे. गाडी आली की आधी जमिनीतून यायची. गुडघ्यांना कळायचं. मग देव्हाऱ्यातले दिवे हलायचे आणि शेवटी गुरुजी मंत्रांच्या मध्ये वाजवतात ती पितळेची वाटी आपोआप किणकिण वाजायची. गुरुजी पहिल्यांदा थांबले, दुसऱ्यांदा थांबले, मग त्यांनी ती वाजवायचंच सोडून दिलं. वाटी त्यांच्यापेक्षा नेमाने वाजत होती.

आठ गाड्या. इथून पुढे पाटावरच्या मोरीपाशी डावीकडे वळायचं, नदीच्या बांधावरून मागे यायचं, परत हायवे, परत इथून. एक फेरी अठरा मिनिटांची. हा हिशेब त्याने तिसऱ्या मंत्रापर्यंत मनात केला आणि सातपर्यंतची बेरीज अडीचशेच्या पुढे गेली.

शेजारी त्सुतोमू माळ धरून बसला होता. चेहरा असा शांत, की जणू कुठल्याच ढोलाशी त्याचा संबंध नाही.

उदबत्ती वाहायला एकेक जण उठू लागला तसं यासुनोरीने धाकट्याला बाहीला धरून मागच्या ओसरीत नेलं.

"काय चाललंय?"

"श्राद्ध."

"मिक्सरमध्ये काय आहे?"

"हवा."

"रिकाम्या गाड्या फिरवतोयस? वडिलांच्या श्राद्धाला?"

"दादा, तूच तर म्हणालास, सगळ्या ड्रायव्हरांना घेऊन ये. घेऊन आलोय. आत जागा नव्हती, म्हणून ते बाहेरून नमस्कार करून जातायत." त्सुतोमूने शांतपणे माळ मनगटाला गुंडाळली. "पुन्हा पुन्हा करतायत. श्रद्धा आहे."

"तुला कुणी सांगितलं आज मोजणी आहे म्हणून?"

त्सुतोमू आत उदबत्तीच्या रांगेकडे बघू लागला. यासुनोरीच्या मनात एकेक नाव येऊन गेलं. बायको? तिला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. चिझुरू? ती कचेरीतलं घरात बोलत नाही आणि घरातलं कचेरीत बोलत नाही. तिचं दोन्हीकडे कुणी ऐकतही नाही.

"हे बघ," यासुनोरी आवाज खाली आणत म्हणाला, "काँक्रीट टाकलंस की सात दिवस, चौदा दिवस रस्ता बंद. लोकांनी काय उडत जायचं? मी सकाळी डांबर टाकतो, दुपारी रस्ता चालू."

"आणि पाच वर्षांनी परत टाकतोस, दहा वर्षांनी परत. चाकोऱ्या पडतात. गिरणीचे लाकडाचे ट्रक गेले की उन्हाळ्यात तुझा रस्ता मऊ भातासारखा होतो. माझा चाळीस वर्षं हलत नाही."

"हलत नाही, पण फुटला की फुटला. सांध्यावरून गाडी गेली की धडधड, धडधड. आईला झोप लागेल?"

"आईला आत्ता तरी कुठे लागते? तुझ्या ठिगळांवरून गाडी गेली की घर उडी मारतं." त्सुतोमूने माळ मनगटावरून काढून मुठीत धरली. "दादा, तुला हा रस्ता नाही मिळाला तर तुला दुसरा मिळेल. शंभरातले पंच्याण्णव रस्ते डांबराचे असतात. मला हा एक नाही मिळाला, तर मार्चमध्ये शेजारच्या गावातली काँक्रीटवाल्यांची संघटना माझा प्लांट घेणार आणि बंद करणार. आठ ड्रायव्हर आहेत. त्यातला एक वहिनीचा भाऊ आहे."

ओसरीच्या कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन मित्सुयो उभी होती. कधीपासून, ते कुणालाच कळलं नाही.

"माझा भाऊ गाडीत उपाशी आहे का?" तिने विचारलं.

"सकाळपासून," त्सुतोमू म्हणाला.

मित्सुयोने ट्रे नवऱ्याच्या हातात दिला आणि लाडवांचा डबा घेऊन ती रस्त्याकडे चालू लागली. यासुनोरी बघत राहिला. फाटकाशी उभी राहून ती येईल त्या मिक्सरला हात करून थांबवत होती, खिडकीतून लाडू देत होती आणि गाडी पुढे सोडत होती.

आता घरातही तो एकटाच डांबराच्या बाजूने उरला होता.

---

त्सुतोमूला रोलर आधी ऐकू आला, मग दिसला.

स्मशानात बाबांच्या समाधीला नमस्कार करून सगळे परत आले होते. हॉटेलची बस दीडला येणार होती. काळ्या कपड्यांतली माणसं अंगणात उभी राहून घड्याळं बघत होती. मास्तरांच्या उजव्या हातातला आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. मागच्या आवारातून यासुनोरी रबरी चाकांचा मोठा पिवळा रोलर घेऊन बाहेर आला. स्वतः. रोलरचे दोन्ही चालक आत पाहुणे म्हणून बसवून ठेवले होते, आणि श्राद्धाच्या पाहुण्यांना उठवून कामाला लावणं त्याला शोभलं नसतं. कोटाची बटणं लावलेली, टाय वाऱ्याने खांद्यावर. त्याने रोलर रस्त्याच्या मधोमध घेतला आणि माणूस चालतो त्याहून थोड्याच जास्त वेगाने निघाला.

त्याच्या मागे एक मिक्सर अडकला. मग दुसरा. मग तिसरा. बारा मिनिटांत आठही मिक्सर रोलरच्या मागे रांगेत, शांतपणे ढोल फिरवत चालले होते. वरातीत जसं कुणालाच घाई नसते, तसं.

"हुशार आहे," त्सुतोमू मनात म्हणाला. त्याला थोडा अभिमानही वाटला. लहानपणी खेळात हरायला लागला की दादा पटावर बसायचा.

रोलर फाटकासमोरून गेला. मास्तरांनी उजव्या हाताचं बटण दाबलं. टक्.

यासुनोरीने रोलर थांबवला. मागे आठ गाड्यांचे ब्रेक लागले.

"मास्तर, हे काय दाबलंत?"

"जड वाहन."

"हा रोलर आहे!"

"नंबरपाटी आहे?"

"आहे, पण..."

"बांधकामाच्या यंत्रांना असते तशी शून्याने सुरू होते?"

"होते."

"मग जड." मास्तरांनी मांडीवरची पुस्तिका उघडून बोट ठेवलं. "पान अकरा. विशेष बांधकाम यंत्रं, रस्त्यावर चालणारी. जड वाहनांत धरावीत."

"अहो पण मी गाड्या कमी करायला आलोय!"

"यासुनोरी," मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, आणि चोपन्न वर्षांचा यासुनोरी नकळत ताठ बसला. "का जातंय ते मी मोजत नाही. जातंय ते मोजतो. चौथीत तुझी हीच चूक व्हायची. उत्तर आधी ठरवायचास आणि मग बेरीज करायचास."

अंगणातून कुणीतरी हसलं. यासुनोरीने रोलर पुढे दामटला. बांधावरून फिरून तो परत आला तेव्हा दुसरी टक् झाली. तिसऱ्या फेरीला मास्तर म्हणाले, "दोनशे त्रेचाळीस. शाळेची बस आली तर ती वेगळी."

तेवढ्यात हॉटेलची बस आली. चौतीस माणसांना न्यायला यासुनोरीनेच ठरवलेली, मोठी. टक्.

"ती श्राद्धाची बस आहे!" यासुनोरी लांबून ओरडला.

"पान नऊ," मास्तर म्हणाले.

आई तेव्हा बाहेर आली. तोकिए एक्याऐंशी वर्षांची होती, पण किमोनो नेसून पायऱ्या उतरताना तिला कुणाचा हात लागत नसे. तिने रांगेकडे बघितलं, रोलरवरच्या थोरल्याकडे बघितलं, फाटकाशी उभ्या धाकट्याकडे बघितलं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "खाली काँक्रीट आणि वर डांबर असं नाही का करता येत? दोघांचंही होईल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण तसं करता येत होतं. जड वाहतुकीच्या ठिकाणी करतातही.

"येतं," त्सुतोमू शेवटी म्हणाला. "पण आई, मग मी परत खाली."

"खाली म्हणजे?"

"दुमजली पलंगावर खाली. आंघोळीला त्याच्यानंतर. शाळेत त्याची पुस्तकं, त्याचे बूट. आता रस्त्यातही तो वर आणि मी त्याच्याखाली. कुणाला दिसणार पण नाही मी."

"आणि माझा थर किती?" यासुनोरी रोलरवरून म्हणाला. "पाच सेंटिमीटर! पाच सेंटिमीटरसाठी मी प्लांट तापवू?"

"बरं," आई म्हणाली, "मग राहू द्या," आणि ती बसमध्ये जाऊन खिडकीपाशी बसली.

यासुनोरीने चौथ्या फेरीला रोलर हाकला. मागोमाग मिक्सर. पहिले दोन मिक्सर फाटक ओलांडून गेले, रोलर त्यांच्या पुढे मोरीपर्यंत पोचला. वळायच्या आधी तो क्षणभर थांबला. त्सुतोमूला वाटलं, तो मागे वळून काहीतरी ओरडणार आहे. पण रोलरचं मागचं टोक हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली गेलं. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. एखादा जाड माणूस खुर्चीवर बसावा तसा रोलर रस्त्यात बसला. पुढची चाकं वर आली आणि यासुनोरी आकाशाकडे बघत, सुकाणू धरून, तसाच राहिला.

"दोनशे सत्तेचाळीस," मास्तर म्हणाले, आणि वहीत लिहिलं: दोन वाजून चौतीस मिनिटं, रस्ता बंद.

---

मोरी दगडाची होती, सासऱ्यांच्याही जन्माआधीची. खालून पाट जायचा. गेली तीस वर्षं तिच्यावर खड्डा पडला की यासुनोरीची माणसं यायची, वरून डांबर ओतून गुळगुळीत करून जायची. खालचे दगड कधी कुणी बघितले नव्हते. आता सगळ्यांना दिसत होते.

मित्सुयो धावत पोचली तेव्हा तिच्या भावाने आणि आणखी दोघांनी यासुनोरीला खाली उतरवलं होतं. खरचटलंसुद्धा नव्हतं. फक्त एक बूट पाटात गेला होता.

"लागलं का?"

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून तिने शेवटचा उरलेला लाडू खाल्ला. त्यानंतर तासभर ती कुणासाठीही उठली नाही.

बसमधली सगळी माणसं खड्ड्याभोवती गोळा झाली. गुरुजीही आले. खरी अडचण आधी कुणाच्या ध्यानातच आली नाही, चिझुरूच्या आली. ती सकाळपासून मागच्या रांगेत बसलेली, कुणाशी दोन शब्द न बोललेली, काळा साधा कोट घातलेली बाई. तिने कोट काढला, घडी करून गुरुजींच्या हातात दिला.

"या मोरीवरूनच आतल्या गल्लीत जातात," ती म्हणाली. "अकरा घरं. दुसरी वाट नाही. साडेचारला उत्सुमी आजी डायलिसिसवरून येतील. त्यांना खाली उतरून चालवत नाही. साडेचारच्या आत इथून गाडी गेली पाहिजे."

"मी भरतो," दोघे भाऊ एकाच वेळी म्हणाले.

"कशाने?" चिझुरूने विचारलं. "त्सुतोमू, तुझ्या मिक्सरमध्ये काय आहे?"

त्सुतोमूने आठ फिरत्या ढोलांकडे बघितलं. "हवा."

"आणि आत्ता बनवलंस तरी साडेचारला त्यावर पाय ठेवता येणार नाही. दादा, तुझा प्लांट?"

"थंड आहे." यासुनोरी एका बुटावर उभा होता. "श्राद्ध म्हणून भट्टी विझवलीय. पेटवून तापायला..."

"म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात रस्त्यावरून भांडणारी दोन माणसं या घरात आहेत," चिझुरू म्हणाली, "आणि एक खड्डा भरायला दोघांकडे काही नाही."

पाटाचं पाणी रोलरच्या चाकाला वळसा घालून जात होतं.

"खडी आहे ना?" तिने विचारलं. "तुझ्या आवारात ढीग आहे, याच्याही आवारात ढीग आहे. दोघं एकाच खाणीतून आणता. दादा, तुझ्याकडची खडी. त्सुतोमू, तो मोठा पाइप, तुझ्या भिंतीशी पडलेला, तो आधी आण. पाणी अडलं तर उद्या शेतात. तीन मिक्सर मागे लावा, दोर बांधा, रोलर ओढा. बाकीच्यांनी दगड बाहेर काढायचे. गुरुजी, तुम्ही गाड्या थांबवा, तुमचे कपडे लांबून दिसतात."

तिचा आवाज चढला नव्हता. पण यासुनोरीला स्वतःच्याही नकळत 'हो' म्हणताना मित्सुयोने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो एका बुटावर लंगडत आवाराकडे निघाला.

रोलर निघायला पन्नास मिनिटं लागली. दोनदा दोर तुटला. चौतीस माणसं श्राद्धाच्या कपड्यांत चिखलात उतरली होती. डांबराचे लोक काँक्रीटच्या लोकांच्या हातात दगड देत होते. सासऱ्यांचा चुलतभाऊ, शहाऐंशी वर्षांचा, काठावर उभा राहून 'डावीकडे, डावीकडे' म्हणत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पाइप बसला. खडी पडली. थर देऊन रोलर फिरवायचा तर आता रोलरच्या खऱ्या चालकाला उठवावं लागलं. तो चिखलातून उठला.

सव्वाचारला चिझुरूने स्वतः वर उभं राहून टाचेने आपटून बघितलं. चार पंचविसाला उत्सुमी आजींची गाडी आली. सावकाश, गोगलगायीसारखी, खडी ओलांडून गल्लीत गेली. आजींनी खिडकीतून सगळ्या काळ्या कपड्यांकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

---

तोकिए बसमधून उतरून आली तेव्हा तिची तिन्ही मुलं खडीच्या कडेला उभी होती. तिघंही चिखलाने सारखीच दिसत होती. कोण कुणाच्या बाजूला आहे ते आता तिला लांबून ओळखता येईना.

"मोजणी रद्द," त्सुतोमू म्हणत होता. "सातपर्यंत झाली नाही. अडीचशेच्या पुढे जायला चार कमी. मग ताई, पुन्हा कधी?"

"पुन्हा नाही," चिझुरू म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"या रस्त्याखाली पाण्याची मोठी पाइपलाइन आहे. पन्नास वर्षांची. चार वर्षांनी ती सगळी उकरून बदलायची आहे. उकरायच्या रस्त्यावर काँक्रीट कुणी घालत नाही. अडीचशे काय, हजार गाड्या गेल्या असत्या तरी मी खर्च मांडला असता आणि उत्तर तेच आलं असतं."

यासुनोरीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे डांबर!"

"उकरायच्या रस्त्यावर नवं डांबरही कुणी घालत नाही, दादा. वरून पातळ थर, चार सेंटिमीटर. चार वर्षं निभेल एवढाच."

यासुनोरी दोन बोटांत चार सेंटिमीटर मोजून बघू लागला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" त्सुतोमू जवळजवळ ओरडलाच. "मी आठ गाड्या दिवसभर फिरवल्या!"

"कचेरीतलं घरी सांगता येत नाही. पण पाइपलाइनचं गावाच्या पत्रिकेत छापून आलंय, जानेवारीत. मी घरी घेऊन आले होते, तुमच्या दोघांच्या मध्ये ठेवली होती. तुम्ही टीव्हीवर धावण्याची शर्यत बघत होतात. कोण पुढे, त्यावर भांडत होतात. पत्रिकेवर दादाने संत्र्याची सालं ठेवली."

तोकिएला ती सालं आठवली. तिनेच ती पत्रिकेसकट गुंडाळून टाकली होती. बोलायचं होतं ते वेगळंच होतं, आणि तेही तिने एवढी वर्षं केलं तसं मनातच ठेवलं असतं. पण त्सुतोमू खाली खडीवर बसला, हात गुडघ्यांत घालून. लहानपणी ताप आला की बसायचा तसा.

"त्याला मोजणीचं मी सांगितलं," तोकिए म्हणाली.

यासुनोरी वळला. "आई?"

"मोजणीची चिठ्ठी कचेरीतून घरी आली ती मीही वाचली होती. मंगळवारी श्राद्ध म्हणालास तेव्हाच मला कळलं तुझ्या डोक्यात काय आहे. म्हटलं, याला सांगितलं नाही तर हा रागाने येणारच नाही. सांगितलं तर येईल, काहीतरी उपद्व्याप करेल, पण येईल. दोघं एकाच दिवशी घरात. जानेवारीतल्या त्या शर्यतीनंतर ते झालं नव्हतं." ती किमोनोच्या काठावरचा चिखल बघत होती. "एवढ्या गाड्या येतील असं नव्हतं वाटलं."

चिझुरूने खड्ड्यातून काढलेले दगड एकदा बघितले. मग ती त्सुतोमूशेजारी उकिडवी बसली.

"या रस्त्यावर मोऱ्या सात आहेत," ती म्हणाली. "सातही अशाच दगडाच्या, एकाच वयाच्या. एक बसली म्हटल्यावर बाकी सहा मला उद्या तपासाव्या लागतील. आणि मी काय बघणार ते मला आत्ताच माहीत आहे. बर्फ पडायच्या आधी काम सुरू करावं लागेल. मोरी डांबराची होत नाही."

त्सुतोमूने मान वर केली.

"प्लांट वाचेल की नाही ते मी सांगू शकत नाही," ती पुढे म्हणाली. "निविदा निघेल, जो तो भाव लावेल. पण काँक्रीट इथे दीड तासाच्या आत पोचलं पाहिजे आणि तेवढ्या जवळ आज तरी तुझा एकच प्लांट आहे. सात मोऱ्या म्हणजे मार्चच्या पुढे नक्की जाईल."

त्सुतोमू उठला. कपडे झटकण्यात काही अर्थ नव्हता, तरी झटकले. मग थोरल्या भावासमोर जाऊन कमरेत पूर्ण वाकला आणि तसाच राहिला.

"दादा," तो खाली बघतच म्हणाला, "तुझे फार उपकार झाले."

"गप्प बस."

"तू रोलर आणला नसतास..."

"त्सुतोमू, गप्प बस म्हटलं ना!" पण यासुनोरीच्या नाकातून विचित्र आवाज आला, आणि तो थांबवायला त्याने तोंड फिरवलं तर समोर मित्सुयो होती. ती आधीच हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चौतीस जणांनी दिवसभर धरून ठेवलेलं जे काही होतं ते तिथून सुटलं. गुरुजींनी चिझुरूचा कोट तोंडावर धरला.

बसचा ड्रायव्हर येऊन म्हणाला, या कपड्यांत गाडीत बसू देता येणार नाही, सीट नव्या आहेत. हॉटेलात जेवण तीन तासांपासून वाट बघत होतं. मग आठ मिक्सर उभे होते तेच कामाला आले. प्रत्येक केबिनमध्ये दोघं-तिघं चढले, बाकीचे चिखल वाळेल तसे चालत येतो म्हणाले.

त्सुतोमूने पहिल्या मिक्सरचं दार उघडलं. यासुनोरी एका बुटावर चढून आत बसला, खिडकीकडे सरकला, आणि त्याने आईकडे हात पुढे केला.

"आई, तू चिखलात कुठे होतीस? तू बसने जा. स्वच्छ आहेस," त्सुतोमू म्हणाला.

"नाही जायचं बसने," तोकिए म्हणाली. तिने किमोनो एका हाताने वर धरला आणि पायरीवर पाय ठेवला. पायरी उंच होती. खालून त्सुतोमूने आधार दिला, वरून यासुनोरीने ओढलं, मग त्सुतोमू सुकाणूपाशी येऊन बसला. दोघांच्या मध्ये बसल्यावर तिने समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता बघितला. सगळं खाली, लांबपर्यंत दिसत होतं. गिरणीचा धूर, बांध, वाळत घातलेली पर्सिमनची फळं.

"चाळीस वर्षं तुझ्या बाबांकडे या गाड्या होत्या," ती म्हणाली. "मला एकदाही बसवलं नाही. चल, हाक. आणि ते मागचं फिरतं ते बंद करू नकोस."